बोटभर समास

असलम शेख जळगावात पुस्तकं बांधतो, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. दुकान जुन्या गावातल्या अरुंद गल्लीत, घर मेहरूणला. वडील हेच काम करायचे. त्यांच्याकडून त्याने हाताने शिजवलेली खळ घेतली आणि कडेचा अभिमान घेतला. पुस्तक बांधून झालं की मिटून उभं धरायचं आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. अंगठा कुठे अडखळला तर पुस्तक गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, पुन्हा कटिंगला लावायचं. वकिलांची जाडजूड रिपोर्टं, शाळांची हजेरीबुकं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, कुणाच्या घरातली जीर्ण पोथी, सगळ्यांना त्याच्या हातून तीच सरळ, गुळगुळीत कड मिळायची.

गेल्या काही वर्षांत मात्र गल्लीच्या दोन्ही टोकांना झेरॉक्सची दुकानं झाली. तिथे पाच मिनिटांत प्लास्टिकची स्प्रिंग घालून द्यायचे. स्पायरल हा शब्दच असलमला शिवीसारखा वाटायचा. "ती काय बांधणी आहे? केसांना क्लिप लावल्यासारखं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

सात वर्षांपूर्वी मार्च महिन्यात सुनंदाबाई त्याच्याकडे आल्या. सुनंदाबाई पाटील धरणगावच्या. तिथल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, एकुलती मुलगी मेघा नाशिकला. दुपारच्या एसटीने आल्या होत्या, घामाने डबडबलेल्या, आणि जुन्या साडीत बांधलेलं एक गाठोडं त्यांनी पोटाशी धरलं होतं. ते टेबलावर ठेवून त्यांनी हळूच गाठ सोडली.

आत क्रोशाचे नमुने होते. एकशे चाळीस. चाळीस वर्षांत जमवलेले, कुणाकडून उतरवून घेतलेले, स्वतः जुळवलेले. काही चौकटीच्या कागदावर मोर, हत्ती, केळीचा घड असे चौकोन भरून काढलेले. काही परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर, काही कॅलेंडरच्या पाठीवर. कितीतरी पानांवर विणलेल्या लेसचा बोटभर तुकडा टाचलेला. एकाही पानाचा आकार दुसऱ्याशी जुळत नव्हता.

"असलमभाऊ, एकच सांगते," बाई म्हणाल्या. "पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं की ते उघडं राहिलं पाहिजे. एका हातात सुई असते, दुसऱ्या हाताच्या बोटावर दोरा. पान दाबून धरायला तिसरा हात कुठून आणायचा?"

"बाई, तुम्ही काळजीच सोडा," असलम म्हणाला. "पन्नास वर्षं पान जागचं हलणार नाही."

बाईंनी विचारलं एक आणि त्याने उत्तर दिलं दुसऱ्याच गोष्टीचं. त्या वेळी दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

गाठोडं त्याने संध्याकाळी घरी नेलं, कारण नूरबीला ते दाखवायचं होतं. नूरबी, त्याची बायको, क्रोशाच्या नमाजी टोप्या विणते. मेहरूणमधल्या निम्म्या घरांत तिच्या हातच्या टोप्या असतील. चहा गार होईपर्यंत ती एकेक पान उलटत राहिली.

"असलं काम मी आजवर पाहिलं नाही," ती म्हणाली. "यांना कड्या घाला. लोखंडी कड्या मिळतात ना, उघडबंद होणाऱ्या? एकीला मोर शिकवायचा तर मोराचं पान काढून तिच्या हातात देता येईल. सगळं पुस्तक कशाला उचलायचं?"

"कड्या म्हणजे फाईल झाली. बाईंनी पुस्तक सांगितलंय."

"मग पट्ट्या लावून शिवा. मदरशातल्या किताबांना लावल्या होत्या तशा."

पट्ट्यांचं काम असलमला ठाऊक होतं. सुट्या पानाला कापडाची अरुंद पट्टी चिकटवायची आणि शिवण पट्टीतून घालायची. पान शिवणीत जातच नाही, म्हणून ते सपाट उघडतं, आणि मध्ये चिकटवलेल्या जाड तुकड्यांनाही जागा मिळते. पण एकशे चाळीस पानांना एकशे चाळीस पट्ट्या. किमान आठ दिवसांचं काम. मार्चमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

"तू टोप्या वीण," तो हसत म्हणाला. "बांधणी मला येते."

नूरबीने पानं होती त्या क्रमाने पुन्हा रचली आणि साडीची गाठ मारून दिली.

असलमला हे पुस्तक देखणं करायचं होतं, यात काही खोट नव्हती. झेरॉक्सवाल्यांना जन्मात जमणार नाही असं काहीतरी त्याला करून दाखवायचं होतं. त्याने पानं ठोकून एकसारखी केली, पाठीकडून बोटभर आत भोकं पाडली आणि जाड दोऱ्याने आरपार शिवून टाकली. वर लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरांत बाईंचं नाव. आणि शिवण झाल्यावर गठ्ठा कटिंग मशीनखाली सरकवला. लहानमोठ्या पानांमुळे कड करवतीसारखी दिसत होती. पाती तीनदा खाली आली आणि कड सरळ झाली.

खाली कागदाच्या चिंधोट्या पडल्या. त्यांतली एक त्याच्या बाहीला चिकटली. तिच्यावर पेन्सिलीने बारीक काहीतरी होतं, एक आकडा आणि "खां" एवढं अक्षर. कडेला काहीतरी खरडलेलं असेल, असं म्हणून त्याने ती झटकली. बाकीच्या चिंधोट्या नेहमीप्रमाणे गोणपाटात भरून रद्दीत गेल्या.

चार दिवसांनी बाई आल्या. असलमने पुस्तक स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवलं होतं. ते त्याने त्यांच्यासमोर उलगडलं आणि पहिल्यांदा कडच दाखवली. "बघा, बोट फिरवून बघा."

बाईंनी बोट फिरवलं. सोनेरी नावावरूनही फिरवलं. मग पुस्तक मध्यावर उघडून त्यांनी मांडीवर ठेवलं. हात काढताच ते टपकन मिटलं. त्यांनी पुन्हा उघडलं, या वेळी तळव्याने दाबून, आणि उजव्या कडेकडे बराच वेळ बघत राहिल्या. असलमला वाटलं, बाईंना भरून आलंय. त्यालाही बरं वाटलं.

"फार सुंदर झालंय, असलमभाऊ," त्या म्हणाल्या. पुस्तक कापडात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि चहाला न थांबता निघाल्या. चहाला त्या का थांबल्या नाहीत, हे त्याने स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर सहा वर्षं गेली. मध्ये कधी धरणगावचं गिऱ्हाईक आलं की असलम सांगायचा, तुमच्या गावात माझ्या हातचं एक पुस्तक आहे, बघून या.

मागच्या वर्षी गणपतीनंतर एक बाई स्कूटरवरून आली. दिपमाला महाजन, राहणार पिंप्राळा. घरी क्रोशाचे वर्ग चालवते, पंधरा-वीस बायका येतात. तिच्या हातात छापील पानांचा गठ्ठा होता.

"काका, हे बांधून हवंय. पण सुनंदाबाईंचं बांधलंत तसं नको हं."

असलमला आधी कळलंच नाही. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"विद्यार्थिनी. शाळेत होते त्यांच्याकडे, नंतरही जायचे. पुस्तकाच्या मागे तुमचा शिक्का आहे, म्हणून तुमच्याकडे आले. काम मजबूत आहे तुमचं. पण ते पुस्तक वापरता आलं नाही ना कधी."

"का? काय झालं?"

दिपमालाने जरा चाचरतच सांगितलं. पुस्तक उघडं राहायचं नाही म्हणून बाई दोन्ही बाजूंना दगडी वरवंटा आणि पाण्याचा तांब्या ठेवायच्या. मोराची चोच आणि हत्तीची सोंड शिवणीच्या आत गेली होती. पण ते एक वेळ चाललं असतं. गोल रुमाल, कोपऱ्याच्या लेस, तोरणं, यांचं विणकाम चौकोनांत मांडता येत नाही; ते ओळीओळीने लिहावं लागतं, किती साखळीचे टाके, किती खांबाचे. बाई कागद वाचवायला ओळी थेट काठापर्यंत लिहीत. प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा कापला गेला होता.

"साखळी सात, खांब, आणि पुढे काहीच नाही," दिपमाला म्हणाली. "वर्षभर त्यांनी तोंडपाठ शिकवलं. मग पुस्तक कपाटात गेलं. मग डोळे गेले. काचबिंदू. आता विचारायचं तरी कुणाला?"

असलमने तिचा गठ्ठा ठेवून घेतला, पण त्या दिवशी त्याला काम सुचलं नाही. बाहीवरची ती चिंधोटी त्याला जशीच्या तशी आठवली. आकडा मात्र काही केल्या आठवेना. घरी जेवताना त्याने नूरबीला सांगितलं. मी म्हटलं होतं, असं ती म्हणेल, याची तो वाट बघत होता. ती म्हणाली, "उद्या धरणगावला जाऊन या. फोन करू नका, जाऊन या."

धरणगावात बाईंचं घर विचारत तो पोचला तेव्हा ओट्यावर शेजारच्या कमलबाई बसल्या होत्या. "बाई घरमाच शे," त्या म्हणाल्या. "आते दखास नही त्यास्ले, नाव सांगीसन बोला."

सुनंदाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, मांडीवर पांढरा दोरा आणि सुई. हात चालूच होते, साधी सरळ साखळी, वीतभर, हातभर, कशाचीच न होणारी.

"बाई, मी असलम. जळगावचा. पुस्तक बांधणारा."

हात थांबले. "या, असलमभाऊ. बसा. सहा वर्षांनी आलात."

तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "बाई, मी तुमचे आकडे कापले."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्याच पानाला."

"मग बोलला का नाहीत? मला चार शिव्या द्यायच्या होत्या."

बाईंनी सुई दोऱ्यात खोवली. "तुम्ही किती हौसेने दाखवत होतात. माझं नाव सोन्याने लिहिलेलं, तेही न सांगता. तोंडातून शब्द निघेना. एसटीत बसले आणि सगळा रस्ता रडत आले. वर्षभर कसंबसं चालवलं, मग राग आला. तुमचा आला, माझाही आला. ठरवलं, त्या पुस्तकाला हात लावायचा नाही. कपाटात घातलं आणि कुलूप लावलं." त्यांची बोटं साखळीवरून फिरली. "तेव्हा मला दिसत होतं, असलमभाऊ. सगळे आकडे पाठ होते. एक महिना बसले असते तर पुन्हा लिहून काढले असते. तुमच्याकडे येऊन भांडले असते, तर तुम्ही पानं सोडवून दिली असती. दिली असती ना?"

"त्याच दिवशी दिली असती."

"तेच म्हणते मी. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. मी रुसून बसले, आणि रुसता रुसता डोळे गेले."

असलम खाली जमिनीवरच बसला. बाहेर कमलबाई कुणाशी तरी बोलत होत्या.

मग त्याने पहिल्या दिवशी विचारायचं होतं ते विचारलं. "बाई, हे पुस्तक कसं असायला हवं होतं?"

आणि बाईंनी सांगितलं. सगळं आधीच ठरलेलं असावं तसं सांगितलं. प्रत्येक नमुना आपापल्या जाड पुठ्ठ्यावर. वर पारदर्शक पिशवी, म्हणजे तेलाचे, हळदीचे हात लागले तरी चालेल. डावीकडे दोन भोकं आणि कड्या, कारण नवा नमुना आला की मध्येच घालता आला पाहिजे. पाठ ताठ नको. आणि कड जशी असेल तशी असू द्यायची.

"माझ्या बायकोने हेच सांगितलं होतं," असलम म्हणाला.

"ती विणते वाटतं?"

"टोप्या विणते."

"मग तिला आणायचं होतं त्या दिवशी," बाई म्हणाल्या.

लाल पुस्तक घेऊन तो जळगावला परतला. स्वतःच्या हाताची शिवण उसवायची वेळ त्याच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. दोरा इतका पक्का होता की चाकूची धार दोनदा लावावी लागली. पाठीची खळ ओल्या फडक्याने भिजवून एकेक पान सुटं करायला चार दिवस गेले. मोराची चोच बाहेर आली, सोंड बाहेर आली, प्रत्येकीत आरपार भोकं. उजवीकडची कड मात्र तशीच सरळ होती. तो अंगठा न फिरवता पानं रचत गेला.

चौकोनांचे नमुने वाचले होते. ज्या पानांवर लेसचा तुकडा टाचलेला होता, त्यांचे खांब आणि साखळ्या नूरबीने दुपारी उन्हात बसून भिंगातून मोजल्या आणि तुटलेल्या ओळी पुऱ्या केल्या. तेहतीस पानं उरली. त्यांच्यावर तुकडाही नव्हता आणि आकडेही नव्हते.

त्या तेहतीस पानांसाठी हिवाळाभर दर रविवारी दोघं धरणगावला गेली. नूरबी तुटलेली ओळ वाचायची. बाई डोळे मिटून, खरं तर मिटायची गरज नसताना मिटून, सुई चालवायच्या. हात पुढे जायचे, थांबायचे, उसवायचे, परत जायचे. जमलं की बाई म्हणायच्या, "बघ, किती झाले?" आणि नूरबी मोजून लिहायची. त्या दोघी पहिल्याच रविवारी मैत्रिणी झाल्या. असलम ओट्यावर बसून पुठ्ठे कापायचा आणि आतलं बोलणं ऐकायचा. हे बोलणं सहा वर्षांपूर्वी झालं असतं, असं त्याच्या मनात येई, आणि मग तो पुठ्ठा जरा जास्तच काळजीने कापी.

वीस नमुने परत आले. मग हात अडायला लागले.

सगळ्यात जास्त अडले ते गव्हाच्या लोंबीच्या लेसशी. ती बाईंच्या आईची. आई एरंडोलची, निरक्षर, तिने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. बाईंनी लहानपणी तिच्या हाताकडे बघत ती लिहून घेतली होती. तीन रविवार गेले. "सहा घेतले की ताणतं," बाई म्हणायच्या. "सात घेतले की चुणी पडते. मध्ये एक चोरटी साखळी होती गं कुठेतरी. आई ती करंगळीने ओढून घ्यायची." पुन्हा उसवायचं, पुन्हा घालायचं. तिसऱ्या रविवारी बाईंनी सुई खाली ठेवली. "सोडा ती," त्या म्हणाल्या. नूरबीने पान बाजूला ठेवलं.

फेब्रुवारीत मेघा नाशिकहून आली आणि बाईंना घेऊन गेली. एकटं राहण्यासारखं आता राहिलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी असलमने नवं पुस्तक नेलं. पुस्तक कसलं, कड्यांत ओवलेले एकशे चाळीस पुठ्ठे, कडा मशीनखाली न घातलेले. बाईंनी ते मांडीवर घेतलं, मध्यावर उघडलं आणि दोन्ही हात वर उचलले. ते उघडंच राहिलं. बाई हसल्या. मग त्यांची बोटं उजवीकडे गेली आणि कापलेल्या कडेवर थांबली. असलमने नजर वळवली.

"हे दिपमालाला द्या," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे असून काय उपयोग? उरलेले तेरा शेवटी घाला. कुणाला जमलं तर जमलं."

पिंप्राळ्याच्या वर्गात ते आता रोज उघडतं. कड्या उघडून पानं बायकांच्या हातांत जातात, परत येतात. शेवटची तेरा कुणी फारशी बघत नाही.

असलमच्या दुकानात हल्ली वेळ लागतो. पुस्तक टाकायला आलेल्या माणसाला तो विचारत बसतो, हे कुठे ठेवून वाचणार, उभ्याने की बसून, हात मोकळे असतात का, कडेला काही लिहिलंय का. घाईत असलेले झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात. मशीनची पाती खाली आणण्याआधी तो प्रत्येक पान उजेडात धरतो.

नूरबीने लोंबीची लेस सोडली नाही. उन्हाळ्यात तिने टोप्या बाजूला ठेवून ती निदान दहा वेळा घातली, आणि एकदा तिला वाटलं की आता आली. वीतभर तुकडा विणून तिने तो कुरियरने नाशिकला पाठवला. चार दिवसांनी मेघाचा फोन आला, आणि मग तिने तो बाईंच्या हाती दिला.

"फार छान विणलीस," बाई नूरबीला म्हणाल्या. "दोन दिवस हातातच आहे माझ्या. खूप जवळ आलीस गं."

"पण?"

"पण ती नाही."

फोन ठेवल्यावर नूरबीने दोऱ्याचं रीळ पुन्हा पुढे ओढलं. असलम समोरच बसला होता. त्याने विचारलं, कितवा खांब, आणि ती म्हणाली, थांबा, मोजते.